टांकसाळीची कसोटी आणि कथिलाचे इलेक्ट्रॉन

बऱ्हाणपूरच्या जरीचा भाव तिच्या झगमगाटावर ठरत नसे. तो तिच्यातील सोन्या-चांदीच्या निर्भेळपणावर ठरे, आणि हा निर्भेळपणा कारागिराच्या किंवा व्यापाऱ्याच्या शब्दावर सोडलेला नव्हता. एकोणिसाव्या शतकातील सरकारी नोंदींनुसार तारकशीसाठी शहरात येणारे सोने-चांदी आधी टांकसाळीत जाई, तेथे चौकसी या नावाने ओळखला जाणारा वंशपरंपरागत पारखी त्याचा कस पाही, आणि चांदीच्या कांबीवर सोन्याचे पान चढवण्याचे कामही देखरेखीखाली होई. सतराव्या शतकात तावेर्निए या फ्रेंच जवाहिऱ्याने बऱ्हाणपूरचे कापड इराण, तुर्कस्तान, रशिया, पोलंड, अरबस्तान आणि कैरोपर्यंत जात असल्याचे लिहून ठेवले आहे. इतक्या दूरच्या गिऱ्हाइकाला कारागिराचे तोंड कधी दिसत नाही, त्याच्या हाती पडतो तो फक्त माल आणि त्याचा कस.

पदार्थरसायनाच्या एका शाखेचा नियम याच्या अगदी उलट आहे. तिच्या दृष्टीने शुद्ध इंडियम ऑक्साइड किंवा शुद्ध जस्त ऑक्साइड हा उष्णतेच्या बाबतीत जवळजवळ आंधळा पदार्थ होय. त्यात मोजून-मापून परक्या धातूचे अणू घातले, म्हणजे ज्याला ‘डोपिंग’ म्हणतात ते केले, की मगच तो कामाला येतो. असा पदार्थ मीटरच्या अब्जांशात, म्हणजे नॅनोमीटरमध्ये मोजावा लागेल इतक्या बारीक स्फटिकांच्या रूपात घडवला, तर तो डोळ्यांना दिसणारा प्रकाश आरपार जाऊ देतो आणि तांबड्याच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा परंतु त्वचेला ऊब म्हणून जाणवणारा अवरक्त प्रकाश अडवतो. जपानमधील कानेहारा, तेरानिशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली कथील मिसळलेल्या इंडियम ऑक्साइडच्या नॅनोस्फटिकांत हा गुण कथिलाच्या प्रमाणानुसार कमी-जास्त करता येतो हे दाखवले, आणि त्यानंतर या विषयाला वेग आला.

शुद्धतेची निष्ठा आणि हेतुपूर्वक केलेली मिसळ या दोन दृष्टी समोरासमोर आणण्यासाठी पुढे दोन कल्पित पात्रे योजली आहेत. पात्रे कल्पित असली तरी त्यांच्या तोंडची तथ्ये खरी आहेत. एक आहेत तारकशीच्या घराण्यातले, तो धंदा मोडल्यावर बऱ्हाणपुरात काचेचे आणि खिडक्यांना लावायच्या फिल्मचे दुकान काढलेले वयस्क गृहस्थ. त्यांना येथे पारखी म्हटले आहे. दुसऱ्या आहेत रावेरकडच्या, पुण्याच्या एका प्रयोगशाळेत नॅनोस्फटिक बनवणाऱ्या रसायनज्ञ.

पारखींचा पहिला आक्षेप मुळावरच घाव घालणारा होता. धातू जळला, गंजला किंवा त्याचे भस्म झाले की त्याचा धातूपणा संपतो आणि जे उरते त्यालाच ऑक्साइड म्हणतात, हे मुशीसमोर बसणाऱ्या कोणालाही ठाऊक असते. मग मेलेल्या धातूत चिमूटभर दुसरा मेलेला धातू घातल्याने त्याला धातूचे गुण परत कसे येतील, असे त्यांनी विचारले आणि वर “ताई, राखेत राख कालवून सोने होत नाही,” असे ऐकवले.

रसायनज्ञांनी आक्षेप अर्धा मान्य केला. धातूपण म्हणजे अखेर मोकळे इलेक्ट्रॉन: सोन्याचा प्रत्येक अणू आपला एक इलेक्ट्रॉन सामाईक साठ्यात टाकतो, तो कोणा एकाचा राहत नाही, आणि म्हणून सोने वीज वाहते व चमकते. ऑक्साइड बनताना धातूचे हे इलेक्ट्रॉन ऑक्सिजनकडे जातात आणि तेथेच अडकतात, म्हणून भस्म निस्तेज होते. परंतु इंडियम ऑक्साइडच्या रचनेत इंडियमचा अणू तीन इलेक्ट्रॉन देऊन बसलेला असतो. त्याच्या जागी चार इलेक्ट्रॉन देऊ शकणारा कथिलाचा अणू बसवला, तर तीन ऑक्सिजनकडे जातात आणि चौथ्याला जागाच उरत नाही. तो सैल इलेक्ट्रॉन स्फटिकभर हिंडू लागतो. जस्त ऑक्साइडमध्ये दोन देणाऱ्या जस्ताच्या जागी तीन देणारे ॲल्युमिनियम बसवले की हेच घडते. आणि ही कल्पना काल-परवाची नाही, असेही त्यांनी बजावले: कार्ल बेडेकर या जर्मन शास्त्रज्ञाने १९०७ मध्येच कॅडमियमचा पातळ थर हवेत तापवून ऑक्साइडमध्ये बदलला, आणि तो पारदर्शक असूनही वीज वाहतो असे दाखवून दिले होते. आजच्या बहुतेक मोबाइलच्या पडद्यांवर कथील-इंडियम ऑक्साइडचा जो अदृश्य थर असतो, तो त्याच घराण्यातला.

येथवर पारखींना अडचण नव्हती. वीज वाहणे वेगळे आणि उष्णता अडवणे वेगळे, हे मात्र त्यांनी सोडले नाही. यावर रसायनज्ञांना ‘प्लाझ्मॉन’ म्हणजे काय ते सांगावे लागले. बारीक स्फटिकात कोंडलेले मोकळे इलेक्ट्रॉन बाहेरून प्रकाशाची लाट आली की सर्व मिळून एका बाजूला सरकतात, मागे उरलेला धनभार त्यांना परत ओढतो, ते पुढे जातात, पुन्हा मागे येतात. डोक्यावर घेतलेल्या घागरीतले पाणी चालीच्या ठेक्यावर हिंदकळते, तसाच हा प्रकार, आणि ठेका जुळला की हिंदकळणे एकदम वाढते. या सामुदायिक हिंदकळण्याला प्लाझ्मॉन म्हणतात, आणि ज्या तरंगलांबीला ठेका जुळतो त्या तरंगलांबीचा प्रकाश स्फटिक गिळतो किंवा विखुरतो. ठेका ठरतो तो प्रामुख्याने इलेक्ट्रॉनांच्या दाटीवरून: दाटी शंभरपट कमी झाली की वारंवारता दहापट उतरते. सोन्यात घन सेंटीमीटरमागे मोकळे इलेक्ट्रॉन सुमारे ५९ वर एकवीस शून्ये इतके असतात आणि सोन्याच्या बारीक कणांचा ठेका ५२० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे हिरव्या प्रकाशाशी जुळतो, म्हणून सोन्याचे द्रावण माणकासारखे लाल दिसते. कथील-इंडियम ऑक्साइडमध्ये ही दाटी सोन्याच्या साठाव्या हिश्शाइतकी असते, त्यामुळे ठेका उतरून १,६०० नॅनोमीटर आणि त्याच्या पलीकडे, म्हणजे नजरेबाहेर जातो.

“म्हणजे सोन्याला जे जमत नाही ते राखेला जमते म्हणा ना,” असा पारखींचा शेरा होता, आणि त्यात कुचेष्टा किती व कुतूहल किती हे सांगणे कठीण आहे. सोन्याचे कण लांबट किंवा पोकळ केले तर त्यांचाही ठेका अवरक्तापर्यंत नेता येतो, हे रसायनज्ञांनी प्रामाणिकपणे सांगितले. परंतु सोन्यातील इलेक्ट्रॉनांची दाटी निसर्गाने एकदाच ठरवून दिलेली आहे, ती कारागिराच्या हातात नाही, आणि शिवाय सोने दृश्य प्रकाशाचाही काही भाग आपल्या स्वतंत्र मार्गाने शोषतेच. ऑक्साइडमध्ये दाटी घडवणाऱ्याच्या हाती असते. इतकेच नव्हे, तर विजेचा दाब देऊन तयार स्फटिकांतही इलेक्ट्रॉन भरता-काढता येतात. या गुणाचा उपयोग करून बर्कली येथील प्रयोगशाळेत डेलिया मिलिरॉन यांच्या गटाने नायोबियम ऑक्साइडच्या काचेत कथील-इंडियम ऑक्साइडचे नॅनोस्फटिक रोवले, आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात एकाच काचेच्या तीन अवस्था दाखवल्या: ऊन व उजेड दोन्ही आत घेणारी, उजेड घेऊन उष्णता अडवणारी, आणि दोन्ही अडवणारी.

हे सर्व ऐकून पारखींनी, कारागिराच्या स्वभावाप्रमाणे, कृती विचारली. कृती दिसायला साधी आहे. तीन तोंडांच्या काचेच्या चंबूत इंडियमचे ॲसिटेट आणि कथिलाचे एखादे सेंद्रिय लवण ओलेइक आम्लात घेतात. चंबूतली हवा उपसून काढतात, शंभर अंशांच्या थोड्या वर तापवून पाणी आणि ॲसिटिक आम्ल उडवून लावतात, कारण पुढे हीच दोन्ही घात करतात. मग नायट्रोजन किंवा आरगॉन भरून धातूंची ओलेएट लवणे तयार होऊ देतात. दुसऱ्या चंबूत ओलेइल अल्कोहोल २९० अंशांवर ढवळत ठेवलेले असते, आणि पहिल्यातले द्रावण त्यात पिचकारीच्या यंत्राने अगदी सावकाश सोडतात. अल्कोहोल आणि आम्ल यांच्या संयोगातून एस्टर बनते, त्याबरोबरच धातूला हायड्रॉक्साइडचे आणि मग ऑक्साइडचे रूप येते, आणि स्फटिकांवर थरावर थर चढत जातात. अमेरिकेतील ओरेगन विद्यापीठात हचिसन यांच्या गटाने रुळवलेल्या या संथ पद्धतीत मोठी सोय अशी की स्फटिकाची जाडी पिचकारीतून किती माल गेला त्यावरून ठरते, आणि मध्येच पिचकारी बदलली तर आतला गाभा शुद्ध व बाहेरचे कवच कथिलयुक्त, किंवा याच्या उलट, असेही स्फटिक घडवता येतात. डोपिंग साधले आहे याची पहिली खूण डोळ्यांना दिसते: शुद्ध इंडियम ऑक्साइडचे द्रावण फिकट पिवळसर राहते, कथील बसलेल्याचे निळसर-हिरवे होते, कारण प्लाझ्मॉनच्या पट्ट्याची शेपटी लाल प्रकाशात शिरलेली असते. शेवटी इथेनॉल घालून साका खाली बसवतात, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतात आणि हेक्झेनमध्ये पुन्हा विरघळवतात. प्रत्येक स्फटिकावर ओलेइक आम्लाच्या लांब रेणूंचा झगा असतो, म्हणून ते एकमेकांना चिकटत नाहीत.

“रंगावर विश्वास ठेवायचा का?” पारखींनी लगेच धरले. पितळही पिवळेच असते. चंबूत कथील किती घातले ते तराजूने सांगितले. परंतु स्फटिकात किती बसले, कुठे बसले, आणि बसलेल्यांपैकी किती जणांनी इलेक्ट्रॉन दिला, या तीन गोष्टी तराजू सांगत नाही. (असा प्रश्न विद्यार्थी सहसा विचारत नाहीत, त्यांना चंबूत घातलेल्या प्रमाणावरूनच बाटलीला नाव देण्याची घाई असते.) संवादाचा खरा गाभा येथे आहे आणि येथे पारखींची बाजू भक्कम आहे, हे लपवण्यात अर्थ नाही.

रसायनज्ञांनी हिशेब मांडून दाखवला. सहा नॅनोमीटर व्यासाच्या इंडियम ऑक्साइडच्या स्फटिकात धातूचे अणू सुमारे साडेतीन हजार असतात; त्यांतले दहा टक्के कथील धरले तर साडेतीनशे. प्रत्येकाने आपला चौथा इलेक्ट्रॉन सोडला असता तर घन सेंटीमीटरमागे ३ वर एकवीस शून्ये इतकी दाटी व्हायला हवी होती. प्रत्यक्षात अवरक्त वर्णपटावरून निघणारा आकडा बहुधा १ वर एकवीस शून्ये याच्या आसपास अडकतो, म्हणजे साडेतीनशे कथिलांपैकी जेमतेम शंभर-सव्वाशे कामाला आले आणि बाकीचे नुसतेच बसून राहिले. याचे एक कारण फ्रँक आणि क्योस्टलिन यांनी १९८२ मध्येच पातळ थरांच्या अभ्यासातून सुचवले होते: इंडियम ऑक्साइडच्या रचनेत ऑक्सिजनच्या काही जागा स्वभावतः रिकाम्या असतात, कथिलाचे दोन अणू शेजारी आले की एखादा जादा ऑक्सिजन त्या रिकाम्या जागेत येऊन बसतो, आणि दोन्ही सैल इलेक्ट्रॉन त्याच्याच पदरात पडतात. म्हणून कथील सुमारे दहा टक्क्यांच्या पुढे वाढवले की इलेक्ट्रॉन वाढण्याऐवजी घटतात आणि प्लाझ्मॉन पुन्हा लांब तरंगलांबीकडे घसरतो. जास्त घातल्याने जास्त मिळते, हा बाजारातला हिशेब येथे उलटा पडतो.

दुसरे कारण पृष्ठभागाचे, आणि ते नॅनोस्फटिकांना अधिक जाचते. स्फटिकाच्या वरच्या थरात अपुरे बंध, चिकटलेले पाणी आणि हायड्रॉक्सिल गट असतात. ते जवळचे इलेक्ट्रॉन पकडून ठेवतात आणि कडेने एक ओसाड पट्टा तयार होतो. हा पट्टा फक्त एक नॅनोमीटर जाडीचा धरला, तर वीस नॅनोमीटरच्या स्फटिकाचे तीन चतुर्थांशाच्या जवळपास आकारमान वापरात राहते, पण सहा नॅनोमीटरच्या स्फटिकाचे जेमतेम तीस टक्के. मिलिरॉन यांच्या गटाने २०१८ मध्ये या ओसाड पट्ट्याचा प्लाझ्मॉनवर होणारा परिणाम तपशिलाने मांडला, आणि त्यापूर्वी २०१४ मध्ये कथील गाभ्यात पसरले आहे की पृष्ठभागाकडे गोळा झाले आहे यावरून शोषणाच्या पट्ट्याचा घाट बदलतो, हेही दाखवले होते. गाभ्यात पसरलेले कथिलाचे भारित अणू इलेक्ट्रॉनांच्या वाटेत अडथळे म्हणून उभे राहतात आणि पट्टा फिसकटतो. कथील बाहेरच्या बाजूला असले की गाभ्यातली वाट मोकळी राहते. म्हणजे वजन तेच, प्रमाण तेच, परंतु बसण्याची जागा बदलली की माल बदलला.

मोजायची साधने आहेत, असे रसायनज्ञ म्हणाल्या. स्फटिक आम्लात विरघळवून त्या द्रावणाचा फवारा अतितप्त ज्योतीत सोडला की निघणाऱ्या प्रकाशावरून एकूण कथील मोजता येते; क्ष-किरणांनी पृष्ठभागातून इलेक्ट्रॉन उडवून वरच्या काही नॅनोमीटरांतले कथील वेगळे मोजता येते; आणि मोकळ्या इलेक्ट्रॉनांसाठी अवरक्त वर्णपट घ्यायचा, तोही टेट्राक्लोरोइथिलीनमध्ये, कारण त्या द्रवात कार्बन-हायड्रोजन बंध नसल्याने त्याचे स्वतःचे शोषण नेमक्या त्या पट्ट्यात लुडबुड करत नाही.

यावर पारखींनी जे विचारले त्याने रसायनज्ञ थोड्या थांबल्या. वर्णपट दाखवतो तो ठेका. ठेक्यावरून इलेक्ट्रॉनांची संख्या काढायची तर स्फटिकात इलेक्ट्रॉन किती जड वागतो हे आधी धरून चालावे लागते. हे धरलेले वजन चुकले तर संख्याही चुकणार. “म्हणजे काका, तुम्ही म्हणता तसे, कस पाहण्याआधीच कसोटीच्या दगडाचा भाव लावून टाकला,” असे त्यांनी स्वतःच कबूल केले. यावर उतारा म्हणून त्यांनी सिॲटल येथे गॅमेलिन यांच्या गटाने जस्त ऑक्साइडवर वापरलेली रीत सांगितली: इलेक्ट्रॉन खेचून घेणारे रसायन मोजून-मोजून घालत जायचे आणि किती घातल्यावर स्फटिक रिते होतात ते पाहायचे. शाळेत आम्ल-अल्कलीचे टायट्रेशन शिकवतात, त्याच जातीची ही मोजणी आहे. पारखींना ती ताबडतोब पटली, कारण तिच्यात गृहीत काही नव्हते.

पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेत, म्हणजे २००६ साली सुरू झालेल्या आयसरमध्ये, अंगशुमन नाग आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी २०१४ मध्ये केलेले काम याच चर्चेत बसते. त्यांनी इंडियम ऑक्साइडच्या नॅनोस्फटिकांत कथील आणि लोखंड दोन्ही एकत्र घातले: कथिलाने मोकळे इलेक्ट्रॉन द्यायचे आणि लोखंडाने चुंबकत्व, असा दुहेरी बेत. एका स्फटिकात दोन पाहुणे आले की ते एकमेकांचे काम बिघडवतील की परस्परांना पूरक ठरतील, हे आधीपासून सांगता येत नाही. पुण्याच्या या कामाचे महत्त्व असे की प्लाझ्मॉन आणि चुंबकत्व एकाच कणात नांदू शकतात हे त्याने दाखवले. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात धातू-ऑक्साइडच्या पातळ थरांची परंपरा याहून जुनी आहे. तापलेल्या काचेवर लवणाच्या द्रावणाचा फवारा मारून थर बसवण्याची जी स्प्रे पायरोलिसिस पद्धत तेथे रुजली, तिचा प्रमोद पाटील यांनी १९९९ मध्ये घेतलेला आढावा या विषयात शिरणाऱ्याने वाचावा असा आहे.

उपयोगाची गोष्ट निघाल्यावर मात्र बोलण्याचा सूर बदलला, कारण आता पारखी स्वतःच्या दुकानाबद्दल बोलत होते. बऱ्हाणपुरात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. नवी घरे पातळ भिंतींची, स्लॅबची आणि सरकत्या काचांच्या खिडक्यांची. गिऱ्हाईक काळी फिल्म मागते, पारखी ती लावून देतात, आणि मग ते गिऱ्हाईक भर दुपारी खोलीत दिवा लावून बसते. जमिनीवर पोहोचणाऱ्या सूर्याच्या ऊर्जेपैकी निम्म्याच्या आसपास अवरक्तात असते हे रसायनज्ञांनी सांगितल्यावर, काळी फिल्म अंधार विकत देते पण तेवढ्या प्रमाणात गारवा देत नाही, हे त्यांना चटकन उमगले. उजेड सोडून फक्त उष्णता अडवणारी फिल्म स्वप्नातली नाही: सीझियम मिसळलेल्या टंगस्टन ऑक्साइडचे बारीक कण जपानमधील सुमितोमो मेटल मायनिंग या कंपनीने याच कामासाठी बाजारात आणले आहेत, आणि त्यांचे शोषण सूर्याच्या अवरक्त भागाशी कथील-इंडियमपेक्षाही चांगले जुळते.

तरीही पारखींचे समाधान झाले नाही, आणि त्यांची हरकत रास्त होती. जे गिळले ते गेले कुठे? स्फटिकाने शोषलेली उष्णता काचेतच राहते, काच तापते, आणि तापलेली काच थोडी बाहेर व थोडी आत उष्णता सोडत बसते. त्यापेक्षा काचेच्या बाहेर बांबूचा पडदा किंवा दीड हात छज्जा असला तर ऊन काचेपर्यंत पोहोचतच नाही आणि त्यात इंडियमचा पैसाही जात नाही. रसायनज्ञांनी यात वाद घातला नाही. कण दाटीने बसवले तर परावर्तन वाढते, दुहेरी काचेच्या बाहेरच्या पानावर थर दिला तर आत येणारा वाटा घटतो, हे त्यांनी सांगितले. परंतु जेथे छज्जा घालता येतो तेथे छज्जाच घालावा, नॅनोस्फटिकांची गरज आहे ती उंच काचेच्या इमारतींना, बसगाड्यांना आणि रेल्वेच्या डब्यांना, जेथे बाहेरून पडदा सोडता येत नाही, असे त्यांचे मत पडले. बऱ्हाणपूरच्या जुन्या जाड भिंतींच्या वाड्यांना यातले काहीच नको, यावर दोघांचे एकमत झाले.

मग धातूच्या किमतीचा प्रश्न आला. इंडियमचे उत्पादन साऱ्या जगात वर्षाला हजार टनांच्या आसपास आहे आणि तेही मुख्यतः जस्त काढताना हाती लागणारे उपउत्पादन म्हणून, तेव्हा त्याची खाण वेगळी काढून उत्पादन वाढवता येत नाही. कॅडमियम ऑक्साइडमध्ये इलेक्ट्रॉन अतिशय सहज धावतात, इंडियम आणि फ्लोरिन घातलेल्या त्याच्या स्फटिकांचे पट्टे फार रेखीव येतात, पण कॅडमियम विषारी आहे आणि घराच्या खिडकीला ते कोणी लावू नये. उरते जस्त: स्वस्त, निरुपद्रवी आणि मुबलक. अडचण अशी की बुओनसान्ती, मिलिरॉन आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ॲल्युमिनियम घातलेल्या जस्त ऑक्साइडचे जे नॅनोस्फटिक तयार केले, त्यांचा प्लाझ्मॉन ३ ते १० मायक्रोमीटरच्या पट्ट्यात फिरतो, तर सूर्याची अवरक्त ऊर्जा जवळजवळ सगळी अडीच मायक्रोमीटरच्या अलीकडे संपते. जस्ताचे स्फटिक काम करतात, पण ज्या प्रकाशावर करतात तो उन्हात नसतोच म्हटले तरी चालेल.

“म्हणजे ॲल्युमिनियम कमी घातले होते?” पारखींनी विचारले. त्यावर रसायनज्ञांचे उत्तर नाही असे होते: घातलेल्या ॲल्युमिनियमपैकी इलेक्ट्रॉन देणारे थोडे असतात, बरेचसे पृष्ठभागाकडे ढकलले जातात किंवा चुकीच्या जागी बसतात, आणि आणखी घातले तर स्फटिकच नीट वाढत नाही. तेव्हा स्वस्त मालाची वाट घालण्याचे प्रमाण वाढवण्यातून जात नसून घातलेल्यांना कामाला लावण्यातून जाते, आणि त्यासाठी आधी किती जण बसून आहेत हे कळले पाहिजे. पारखींना यात नवे काही वाटले नाही. त्यांच्या मते हेच ते सुरुवातीपासून सांगत होते. फक्त शुद्ध असणे हाच कस असतो, एवढे आपले म्हणणे त्यांनी मागे घेतले.

रसायनज्ञांनीही आपली एक गोष्ट मागे घेतली. बाटलीवर ‘दहा टक्के कथील’ असे लिहिण्याची प्रयोगशाळांची सवय चालू देण्यासारखी नाही, हे त्यांनी मानले. ती टक्केवारी चंबूतली असते, स्फटिकातली नसते, आणि मोकळ्या इलेक्ट्रॉनांबद्दल तर ती काहीच सांगत नाही. पारखींच्या दुकानात येणाऱ्या फिल्मच्या गुंडाळ्यांवरही पुष्कळदा केवळ काळेपणाची टक्केवारी छापलेली असते आणि उष्णतेचा आकडा नसतो, हे त्यांनी लगोलग निदर्शनास आणले.

पुणे, कोल्हापूर, जळगाव येथील ज्या विद्यार्थ्यांना एम.एस्सी. किंवा पीएच.डी.साठी डोपिंग केलेले ऑक्साइड बनवायचे आहेत, त्यांनी बाटलीच्या चिठ्ठीवर एका आकड्याऐवजी तीन आकडे लिहावेत: चंबूत किती घातले, विरघळवून मोजल्यावर स्फटिकात किती सापडले, आणि मोकळे इलेक्ट्रॉन किती निघाले, तेही कोणत्या पद्धतीने मोजले त्या उल्लेखासह. तिसरा आकडा मोजला नसेल तर ती जागा कोरी ठेवावी. अंदाजाने भरू नये.